पांढरी आमटी

स्मरणिकेसाठी बोर्डिंगचा इतिहास लिहून द्या,
सेक्रेटरी म्हणाले, दोन पानं पुरेत,
दानशूर हा शब्द वर येऊ द्या, फोटो आम्ही लावतो.

तर लिहितो.
सांगलीहून हरिपूरला जाताना, चिंचांच्या रांगेत,
शिवगोंडा अलगूर यांचं हळदीचं गोदाम होतं.
एके वर्षी त्यांनी पोत्यांना जागा सोडायला लावली
आणि सतरा पोरं आणून निजवली,
जतची, कवठ्याची, पार आटपाडीकडची,
ज्यांच्या गावात शाळा चौथीला संपायची
आणि पाणी त्याच्याही आधी.

गोदाम तीनदा धुतलं, चुना फासला,
तरी पिवळं वर येतच राहिलं.
तीस वर्षांनी, आमच्या वेळीसुद्धा,
टेकून बसलं की सदऱ्याच्या पाठीवर भिंत उतरायची.
गावी गेलो की आई विचारायची,
लगीन लावून आलास काय रं?

दोन गोष्टी घटनेत नव्हत्या, तरी पाळल्या जायच्या.
आमटीत हळद नाही.
हळदीच्या पैशावर शिजणारी आमटी
आणि रंग आजाऱ्याच्या पेजेचा.
चंद्राक्का पळी आपटायची,
मालकांचा हुकूम हाय, गप गिळा.

आणि हजेरी.
सावळजकर मास्तर पुकारायचे, "एक",
आणि थांबायचे.
कुणी बोलायचं नाही.
नदीकडून एखादी टिटवी ओरडायची.
मग "दोन",
आणि मी, "हजर".
सात वर्षं त्या थांबण्याच्या काठावर मीच उभा.
कधी वाटायचं, एक नंबर आजारी पडून घरी गेलाय,
कधी वाटायचं, येतोय अजून,
चालत.

म्हातारे मालक आले की शेवटच्या पाटावर बसायचे.
सही येत नव्हती. शाईची डबी पुढे असून
अंगठा कीर्दीत पिवळाच उठायचा.
रुमालाखाली बोटं दाबून गाडीभर मालाचा भाव तोडणारा तो हात
पोरांच्या पंगतीत मात्र
काय करावं न कळून मांडीवर पडून असायचा.

पुरात दप्तर भिजलं.
गच्चीवर पानं वाळत घालताना पहिली कीर्द हाती आली.
"पेव नंबर चौदा उघडले.
हणमू भीमा, वय नऊ. कंदील न सोडता उतरवला."
पुढे रकमेची जागा कोरी.
खालच्या ओळीत चुना, सहा मण. चटया, सतरा.
त्याखाली अंगठा.

पेव म्हणजे काय ते आता सांगावं लागतं.
जमिनीच्या पोटात हळदीची कोठी,
तोंड एवढंसं, मोठ्या माणसाचे खांदे अडकतात.
आत वर्षभर कोंडलेली हवा.
आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं,
अर्धा दिवस, कधी अख्खा.
त्या दिवशी बाजार तेजीत होता.

दानशूर लिहिलं. खोटं नाही ते.
चार हजार पोरं जेवून गेली, त्यातला एक मी,
माझ्या पेन्शनीत त्या चटईचा हिस्सा आहे.
कंदील मात्र तीनदा लिहिला
आणि तीनदा खोडला.

काल संध्याकाळी पानं द्यायला गेलो.
आता आमटी टेंडरची, पिवळीधमक.
हजेरी मोबाईलवर,
त्याला म्हणे मधली जागा रिकामी चालत नाही.
नवे रेक्टर म्हणाले, "एक",
आणि मी सवयीनं श्वास धरला.

"हजर सर!"
उमदीकडचं पोर, डोक्याला तेल चोपडलेलं,
पुढचा एक दात अजून यायचा.
एवढ्या मोठ्यानं म्हणाला की छतातलं कबुतर उडालं.

"दोन" म्हणताच आम्ही दोघं बोललो.
पोरं हसली.
पानं माझ्या खिशातच राहिली.